जोडीदाराला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर घरात काय सांभाळायचं

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान झालं की घरातले सगळे आधी स्वयंपाकघरात शिरतात. तिखट बंद, गहू बंद, दूध बंद, बाहेरचं तर नावच नको. सहा महिन्यांत माणूस सुकून जातो आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या कधीच्या सुटलेल्या असतात. मग दुखणं पुन्हा उचल खातं आणि खापर फुटतं कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीवर. जोडीदाराने ताटापेक्षा गोळ्यांच्या डबीकडे जास्त लक्ष द्यावं, आणि तेही बऱ्या दिवसांत.

हा आजार मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराचा. शरीराची प्रतिकारशक्ती त्या अस्तरावरच उलटते, सूज येते, व्रण पडतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज तिथून वर सरकते. त्यामुळे रक्त, आव आणि ‘आत्ताच्या आत्ता जायचंय’ अशी कळ. ही मूळव्याध नाही, आयबीएसही (सूज-व्रण नसताना पोट सतत बिघडण्याचा त्रास) नाही. हा आजार एकमेकांना लागत नाही, तेव्हा वेगळं ताट, वेगळा तांब्या असलं काही करू नका. मिरचीने किंवा टेन्शनने तो होत नाही. कायमचा जात नाही, पण वर्षानुवर्षं शांत ठेवता येतो.

वही

दोनशे पानी साधी वही घ्या, रोज एक ओळ. दिवसातून किती वेळा, रक्त (नाही, थोडं, प्रत्येक वेळी), रात्री झोपेतून उठावं लागलं का, गोळ्या घेतल्या का. रविवारी वजन. रात्रीचा रकाना महत्त्वाचा, कारण आतड्याला खरोखर सूज असली की ती झोपेतूनही उठवते. ओपीडीत डॉक्टरांपुढे पाच मिनिटं मिळतात, त्यात ‘जरा जास्तच होतंय’ यापेक्षा ‘गेल्या मंगळवारपासून दोनाचे पाच झाले, त्यातल्या तिनांत रक्त’ हे वाक्य कितीतरी कामाचं.

वही आजारी माणसानेच लिहावी. तुम्ही संडासाच्या दाराबाहेर उभं राहून ‘किती झाल्या?’ विचारायचं नाही. रात्री वही बघितली की पुरे.

सलग दोन-तीन दिवस रक्त दिसलं किंवा आकडा नेहमीच्या वर गेला, तर डॉक्टरांना फोन. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शी आणि जोडीला १०० फॅरनहाइटच्या वर ताप किंवा नाडी नव्वदच्या पुढे, तर वाट न बघता दवाखाना. पोट फुगून कडक झालं तरी तेच. अशा वेळी जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी मनाने देऊ नका. सुजलेलं आतडं सुस्त पडून फुगतं आणि जिवावर बेतू शकतं. डॉक्टर आधी शौचाची तपासणी सांगतील, कारण साधा जंतुसंसर्गही हुबेहूब असाच दिसतो.

डोकं, कंबर दुखली तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नकोत, त्याने आजार भडकू शकतो. मेडिकलमधून ‘अंगदुखीची एक द्या’ म्हणून आणलेल्या गोळीत बहुधा यांतलंच काहीतरी असतं. पाकिटाची मागची बाजू वाचा.

औषधं

मेसालामाइन हे बहुतेकांचं रोजचं औषध. गोळीवरचं आवरण आतड्यात पुढे गेल्यावर विरघळावं म्हणून दिलेलं असतं, म्हणून ती कुटू नका, तोडू नका. शौचात अख्खी गोळी दिसली तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या मागवा. तालुक्याच्या गावी मेडिकलवाल्याला त्या शहरातून आणाव्या लागतात आणि मध्ये सुट्ट्या आल्या की खंड पडतो.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू असेल तर डोस सकाळी नाश्त्यानंतर. संध्याकाळी घेतला की झोप उडते. तो आठवड्या-आठवड्याला कमी करायचा तक्ता डॉक्टर देतात, तो फ्रिजवर चिकटवा. एकदम बंद करायचा नाही: बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं, ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. या दिवसांत माणूस पहाटे तीनला उठून कपाट आवरतो, क्षुल्लक गोष्टीवर भडकतो, दुप्पट जेवतो. निम्मं भांडण गोळीचं असतं. तेव्हाचे शब्द नंतर उकरून काढू नका. रक्तातली साखर तपासायला मात्र विसरू नका.

अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी) चालू असेल तर रक्ततपासणीच्या तारखा मोबाइलमध्ये टाका. ताप आला किंवा केस मुठीने गळायला लागले तर लगेच कळवा, पांढऱ्या पेशी घसरलेल्या असू शकतात. इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती आवरणारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते, ती टाळायची नाही. आपल्याकडे झोपलेला टीबी पुष्कळांच्या अंगात असतो.

एनिमा

एनिमा म्हणजे गुदद्वारातून नळीने आत सोडायचं औषध. याबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर. औषध खालच्या भागात थेट पोहोचतं, गोळीपेक्षा तिथे जास्त उपयोगी पडतं, पण पहिल्या दोन रात्री ते बाहेर येतं आणि माणूस कंटाळून सोडून देतो. बाहेर का येतं? थंड असतं, घाईने दाबलेलं असतं, आधी शौचाला गेलेलं नसतं.

झोपायच्या आधी शौचाला जाऊन यायचं. बाटली, साधारण ६० मिलिलिटरची, कोमट पाण्याच्या मगात पाच मिनिटं ठेवायची आणि नीट हलवायची, औषध तळाशी बसलेलं असतं. गादीवर प्लॅस्टिक, त्यावर जुनी सुती साडी. औषधाचे तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. नळीच्या टोकाला थोडी जेली, टोक बेंबीच्या दिशेने. बाटली हळूहळू दाबायची, मध्येच सैल सोडायची नाही, नाहीतर औषध परत बाटलीत ओढलं जातं. दाबलेलीच बाहेर काढायची. मग त्याच कुशीवर अर्धा तास. रात्रभर राहिलं तर उत्तम. नाही राहिलं तर उद्या पुन्हा, रागवायचं नाही. सूज ओसरली की औषध आपोआप आत टिकायला लागतं.

तुम्ही मदत करायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं. काहींना बाटली कोमट करून देणारं माणूस हवं असतं, खोलीत नको असतं.

खाणं

दुखणं उचल खाल्लेलं असताना मऊ भात, मुगाचं वरण, पेज, दुधी, उकडलेला बटाटा, केळं, अंडं. कच्ची कोशिंबीर, मटकीची उसळ, मक्याचं कणीस, तळण काही दिवस बाजूला. त्या दिवसांत दुधाने पोट बिघडत असेल तर दूध थांबवा, ताक-दही सोसत असेल तर चालू द्या. जुलाब खूप असतील तर ओआरएस: मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी, अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी असा अंदाज नको. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

बऱ्या दिवसांत सगळं घरचं जेवण. भाकरी, पालेभाजी, उसळ, झणझणीत रस्सासुद्धा, सोसतो तेवढा. एखादा पदार्थ नडतो असं वाटलं तर वहीत लिहा, तीनदा तसंच झालं तरच तो बंद. एकदा बाधला म्हणून बंद, अशी यादी लांबतच जाते.

सासरी-माहेरी सल्ले येतीलच. ‘आमच्या ओळखीत एकाला गावठी औषधाच्या पुडीने बरं वाटलं.’ उत्तर तुम्ही द्या, आजारी माणसाला द्यायला लावू नका: ‘मावशी, डॉक्टरांनी चालू औषधात दुसरं काही मिसळू नका म्हटलंय.’ तेवढं पुरे. बिनलेबलच्या पुडीत काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

बाहेर पडताना

मुंबईच्या लोकलमध्ये संडास नसतो, एसटीतही नसतो. लांबच्या प्रवासाला रेल्वे बरी, आणि डब्याच्या टोकाजवळचा बर्थ. पिशवीत एक जोड कपडे, ओले टिश्यू, पाण्याची बाटली, काळ्या कॅरीबॅग, सुटे पैसे. ती पिशवी न विचारता तुम्ही उचला. लग्नकार्यात पोहोचल्यावर संडास कुठे आहे हे आधी तुम्ही बघून या आणि हळूच सांगा. घरात एकच संडास असेल तर सकाळचा पहिला तास त्यांचा, तुमची अंघोळ नंतर.

जवळीक हा विषय घरात निघतच नाही. दुखतं, थकवा असतो, वासाची भीती असते; नकार तुम्हाला नसतो. मूल हवं असेल तर आजार किमान तीन ते सहा महिने शांत असावा. स्वतःच गोळ्या बंद करून ‘आता ट्राय करू’ म्हणू नका, बहुतेक औषधं गरोदरपणातही चालतात. मेथोट्रेक्सेट मात्र चालत नाही, ते बरंच आधी थांबवावं लागतं. पुरुष सल्फासालाझिन घेत असेल तर शुक्राणू कमी होतात, औषध बदललं की भरून येतात. हे सगळं डॉक्टरांसमोर दोघांनी बसून विचारायचं.

आजाराला आठ वर्षं झाली की कॅन्सरची चाहूल लवकर लागावी म्हणून मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. निदानाचं वर्ष फाइलवर ठळक लिहून ठेवा. तपासणीआधी दोन दिवस बिया, साली, पालेभाजी बंद. पोट साफ करायची औषधी पावडर दोन लिटर पाण्यात, बहुधा निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं पहाटे. गार करून दिलं तर घशाखाली उतरतं. लाल सरबत देऊ नका, दुर्बिणीत ते रक्तासारखं दिसतं. त्या रात्री घरातला संडास तुमचा नाही, शेजारी आधीच विचारून ठेवा.