कारखान्याचा खुला दिवस: मशीन चालू ठेवा, आईवडिलांनाही बोलवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीनिंगच्या कारखान्यात मी उत्पादन विभाग सांभाळते. आजूबाजूच्या फाउंड्र्यांतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांतून, कास्टिंग (ओतीव वस्तू) येतात, आम्ही ती सीएनसी आणि व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर मापाला आणतो आणि पुढे ती ट्रॅक्टर, ट्रक, पंप बनवणाऱ्यांकडे जातात. शाळेच्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही दरवर्षी कारखाना खुला ठेवतो. त्याची आखणी माझ्याकडे असते. हल्ली शेजारच्या प्लॉटवरचे लोक विचारतात, "मॅडम, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठनं करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वीस-पंचवीस माणसांचं युनिट असलं तरी हे जमतं.

दिवस चालू कामाचा निवडा. खंडेनवमीला आपल्याकडे कामगारांची घरची माणसं येतात, मशीनला झेंडूची माळ असते, पेढे वाटतात. तो दिवस मला फार आवडतो, पण त्या दिवशी मशीन बंद असतं. पोराला बाप कुठे उभा राहतो ते कळतं, काय करतो ते कळत नाही. करिअर म्हणून कारखाना दाखवायचा तर मशीनचा फिरता दांडा, स्पिंडल, फिरताना दिसला पाहिजे, थंड ठेवणाऱ्या कूलंटचा फवारा दिसला पाहिजे, आणि मोजमाप करून जॉब (घडवलेला भाग) बाजूला काढणारा माणूस दिसला पाहिजे. म्हणून फर्स्ट शिफ्ट पूर्ण भरात असते त्या वेळी, सकाळी नऊ ते बारा, बोलवा.

महिन्याचंही गणित आहे. नववीच्या मुलांना शाळेबरोबर डिसेंबर-जानेवारीत आणा. दहावीच्या मुलांना मात्र परीक्षा संपल्यावर आणि निकाल लागण्याआधी, एप्रिल-मेमध्ये, आणि आईवडिलांबरोबरच. निकाल लागला की घरात मामा, काका, शेजारी सगळे सल्ला द्यायला लागतात आणि आयटीआयचे ऑनलाइन अर्जही सुरू होतात. त्या गडबडीआधी घरच्यांनी कारखाना डोळ्यांनी पाहिलेला असला पाहिजे. सगळ्यात जवळच्या शाळांपासून सुरुवात करा. आम्ही टोप, नागाव, हेर्ले, हालोंडी इथल्या मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन भेटतो. नुसतं पत्र पाठवलं तर ते फाइलला लागतं.

पत्रात कपड्यांचं स्पष्ट लिहा. पायात पूर्ण बूट, चप्पल चालणार नाही. ओढणी, सैल बाह्या, लोंबत्या साखळ्या, बांगड्या, अंगठ्या नकोत. केस घट्ट बांधलेले हवेत. आयांसाठीही हेच, आणि हे आधी कळवणं महत्त्वाचं, कारण ऐन गेटवर "मंगळसूत्र आत घ्या, पदर खोचा" असं सांगितलं की त्या अवघडतात आणि कोपऱ्यात उभ्या राहतात. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नसतात, हेही मुलांना सांगा. त्यांना वाटतं हातमोजे म्हणजे सुरक्षा. चकमध्ये (जॉब धरून फिरणाऱ्या पकडीत) मोजा अडकला तर हात ओढला जातो, एवढं एक वाक्य पुरतं. गॉगल गेटवरच द्या आणि परत घेताना मोजून घ्या.

आतला रस्ता एकाच दिशेचा आखा आणि आदल्या दिवशी स्वतः चालून बघा. फोर्कलिफ्ट त्या तीन तासांत बंद. वेल्डिंग चालू असेल तर पडदा लावा, आर्ककडे उघड्या डोळ्यांनी बघू देऊ नका. आठ मुलांमागे एक माणूस, त्यापेक्षा मोठा गट केलात तर मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा जे सांगायचं ते शेडच्या बाहेर सांगून घ्या आणि आत फक्त बोटाने दाखवा. ग्राहकांचे ड्रॉइंग झाकून ठेवा, फोटो कुठे काढायचे ती एक जागा ठरवून द्या. मुलांना फोटो हवा असतो, तो मिळाला की बाकीच्या वेळी मोबाइल खिशात राहतो.

फाउंड्री असेल तर नियम आणखी कडक. ओतकामाच्या वेळी बीडाचा (ओतीव लोखंडाचा) रस तेराशे-चौदाशे अंशांच्या घरात असतो आणि त्यात ओलावा गेला तर क्षणात वाफ होऊन रस उसळतो. पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायला लावा आणि ओतकाम लांबून, उंचावरून, आडोशामागून दाखवा. तशी जागा नसेल तर ओतकाम दाखवू नका. साचा बनवणं आणि साचा फोडून थंड कास्टिंग काढणं दाखवलं तरी मुलं रंगून जातात.

आणखी एक काम या निमित्ताने करून टाका. प्रत्येक सीएनसीच्या दाराचा इंटरलॉक तपासा. दार उघडं असताना सायकल (मशीनचं ठरलेलं काम) सुरू होता कामा नये, आणि हे मुलांसमोर करून दाखवायचं असतं. उत्पादनाच्या घाईत कुणी तो बायपास करून ठेवला असेल तर कायमचा जोडून घ्या. पाहुण्यांसाठी मशीन सुरक्षित आणि आपल्या माणसांसाठी नाही, असं चालणार नाही.

आता खरं काम, म्हणजे कार्यशाळा. नुसतं फिरवून परत पाठवलंत तर मुलांच्या लक्षात आवाज आणि तेलाचा वास राहील. हाताला काम दिलंत तर काम लक्षात राहील. आम्ही तीन टेबलं मांडतो आणि चौथं काम मशीनवर देतो.

पहिलं टेबल मापाचं. मायक्रोमीटर हातात द्या, रॅचेट (टोकाची फिरकी) कसा फिरवायचा ते दाखवा आणि आधी त्यांच्या वहीचा कागद मोजायला सांगा. साधारण ०.१ मिलिमीटर येतो. मग स्वतःच्या डोक्यातला एक केस. तो ०.०७ च्या आसपास भरतो, मुलींचे आणि मुलांचे केस ताडून बघण्यात पाच मिनिटं सहज जातात, जाऊ द्या. मग आपला एखादा ३० मिलिमीटर बोअरचा (भोकाचा) जॉब पुढे ठेवा आणि सांगा की याला एच-सेव्हन टॉलरन्स आहे, म्हणजे मापात फक्त २१ मायक्रॉनची (०.०२१ मिलिमीटरची) मुभा. आता मोजलेल्या केसाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी. इथे पोरं गप्प होतात. 'लोखंडाचं काम' म्हणजे घण आणि घाम असं ज्यांच्या मनात असतं, त्यांचं मत या टेबलावर बदलताना मी पाहिलं आहे.

याच टेबलावर एक प्रयोग ठेवा. कंपॅरेटर स्टँडला एका मायक्रॉनचाही फरक काट्यावर दाखवणारा डायल लावा, खाली शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा ठेवून शून्य करा. मग तो तुकडा एका मुलाला दोन-तीन मिनिटं मुठीत धरायला सांगा आणि पुन्हा डायलखाली ठेवा. तुकडा आठ-दहा अंशांनी तापला की दहा मायक्रॉनच्या जवळपास वाढलेला दिसतो, आणि बघता बघता काटा मागे यायला लागतो. धातू तापला की प्रसरण पावतो हे विज्ञानाच्या पुस्तकात त्यांनी वाचलेलं असतं. इथे ते स्वतःच्या हाताच्या उबेने होतं. मोजमापाच्या खोलीतला एसी २० अंशांवर का असतो, हे मग सांगावं लागत नाही, तीच सांगतात.

दुसऱ्या टेबलावर वीस जॉब आणि भोकाचं माप तपासणारा एक प्लग गेज. 'गो' बाजू आत गेली पाहिजे, 'नो-गो' बाजू अडली पाहिजे. त्यात तीन रिजेक्ट जॉब मिसळून ठेवा आणि शोधायला सांगा. सापडले की विचारा, हा गाडीत बसला तर काय होईल? उत्तर तुम्ही देऊ नका. थोडा वेळ थांबलात की त्यात बसणारं बेअरिंग नीट बसणार नाही, इथपर्यंत मुलं स्वतः पोचतात.

तिसरं टेबल कागदाचं, आणि माझं सगळ्यात लाडकं. आलेख कागद, पेन्सिल आणि जोड्या. एक मूल प्रोग्रामर, दुसरं मशीन. प्रोग्रामर फक्त 'जी-झीरो-वन (सरळ रेषेत जा), एक्स तीस, वाय वीस' अशा ओळी वाचणार, मशीन तेवढीच रेघ ओढणार, स्वतःची अक्कल वापरायची नाही. नववीच्या निर्देशक भूमितीतले एक्स आणि वाय अक्ष इथे कामाला येतात. गणिताच्या सरांना याच टेबलावर उभं करा. पुढच्या वर्षी सरच मुलं घेऊन येतात.

चौथं काम खऱ्या मशीनवर. अॅल्युमिनियमच्या चकत्या आधीच कापून, फेसिंग करून (तोंड सपाट करून) ठेवा. प्रत्येक मुलाने आपली दोन आद्याक्षरं कंट्रोलवर भरायची, सेटरने (मशीन लावून देणाऱ्याने) तपासायची, दार लावायचं, सायकल स्टार्टचं बटण मुलाने दाबायचं. खोदकाम पाव मिलिमीटरपेक्षा खोल नको, म्हणजे एक चकती मिनिटभरात होते आणि रांग अडत नाही. कडांची धार घालवायला एक मऊ कानस द्या. ती चकती त्यांची. छापील पत्रकं बसस्टॉपवर पडलेली दिसतात, चकती कुणी टाकत नाही.

बोलायला कुणाला उभं करायचं? मालकांचं स्वागत दोन मिनिटांत आटपा. मुलांसमोर बोलावा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच शाळेतून गेलेला, तीन-चार वर्षं काम केलेला ऑपरेटर. कागद वाचून नको. त्याला चारच गोष्टी सांगायला सांगा: दहावीला किती पडले, आयटीआयला काय शिकला, पहिल्या महिन्यात काय अवघड गेलं, आज काय करतो. आमच्याकडे व्हीएमसी चालवणाऱ्या मुली आहेत, त्यातली एक प्रत्येक वेळी बोलते. तिने जॉब सेट करताना पाहिल्यावर आलेल्या मुली प्रश्न विचारू लागतात, तोवर त्या शाळेच्या रांगेतच उभ्या असतात. जर्मनीत २००१ पासून वर्षातला एक दिवस मुलींना अशी कामं दाखवण्यासाठीच ठेवतात. आपण निदान एक गट फक्त मुलींचा करावा. मुलगे शेजारी असले की मायक्रोमीटर आधी त्यांच्याच हातात जातो.

मुलं टेबलांवर असताना आईवडिलांना कँटीनमध्ये बसवा. हा तास टाळू नका. निर्णय इथे होतो. रोज कामगारांना जो नाश्ता असतो तोच द्या, पोहे असले तर पोहे. मग फळ्यावर पगार लिहा, गोलगोल बोलू नका. शिकाऊ असताना किती, ऑपरेटर झाल्यावर किती, सेटर आणि प्रोग्रामर झाल्यावर किती. हातात किती येतात आणि पीएफला किती जातात ते वेगळं दाखवा. पीएफमध्ये कामगाराचे १२ टक्के तसे मालकाचेही १२ टक्के असतात, हे पुष्कळ पालकांना इथेच पहिल्यांदा कळतं. अवघड भागही सांगा: आठ तास उभं राहणं, सेकंड आणि थर्ड शिफ्ट, मे महिन्यातली शेड. जे आपण लपवू ते त्यांना भावकीतून कळणारच आहे.

त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. "पोरीला शिफ्ट सुटल्यावर गाडी आहे का?" असेल तर वेळ आणि थांबे सांगा, नसेल तर नाही म्हणा. बायकांचं स्वच्छतागृह आणि लॉकर प्रत्यक्ष दाखवा. "पुढचं शिक्षण बंद होतं का?" हा सगळ्यात कळीचा प्रश्न, आणि उत्तर फळ्यावर बाण काढून द्या. दहावीनंतर फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. ते झाले की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ज्याला हत्यारं आणि डाय (साचे) बनवण्यात गोडी वाटली त्याला छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेबद्दल सांगा. शिकाऊ उमेदवारी म्हणजे ठेकेदाराकडची बिगारी नव्हे, हेही उलगडून सांगा: १९६१ च्या कायद्याखाली करार नोंदवला जातो, विद्यावेतन मिळतं. हे सांगायला शक्य असेल तर आयटीआयच्या एखाद्या निदेशकांना बोलवा. आपण सांगितलं की जाहिरात वाटते, त्यांनी सांगितलं की माहिती वाटते.

नोकरीचे अर्ज त्या दिवशी घेऊ नका. नाव, गाव, शाळा आणि पालकांचा नंबर एवढंच वहीत लिहून घ्या, आणि कुठल्या टेबलावर मूल जास्त रमलं ते समोर टिपून ठेवा. निकालानंतरच्या आठवड्यात एकेका घरी फोन करा. आयटीआयचा अर्ज भरायला मदत हवी का विचारा, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागत असेल तर जातीचा दाखला काढून ठेवायला सांगा. घरी इंटरनेट नसेल तर ऑफिसमधला एक कॉम्प्युटर दोन संध्याकाळी त्या मुलांसाठी मोकळा ठेवा आणि नुकताच आयटीआय केलेला एक शिकाऊ शेजारी बसवा. ट्रेडचा पसंतीक्रम कसा लावायचा हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.