काळी मेंदी घेण्याआधी पाकीट उलटं करा

गेल्या दिवाळीत 'नैसर्गिक काळी मेंदी' लावली आणि दुसऱ्या दिवशी कानामागे पुरळ, डोळे सुजलेले. तेव्हापासून तुळशीबागेत गेले की पाकीट आधी उलटं करून वाचते. मेंदीच्या पानातला रंग, लॉसोन, केशरी-तांबूसच चढतो, काळा नाही. अर्ध्या तासात केस काळेभोर झाले, तर त्यात बहुधा पीपीडी हे केस काळे करणारं रसायन असतं. बारीक अक्षरांत त्याचं पूर्ण नाव, 'पॅरा-फिनिलीनडायअमाइन', शोधा. केस रंगवण्यात कमीपणा नाहीच. पानांच्या नावाखाली रसायन विकलेलं मला खुपतं.

काळेच हवेत? आधी मेंदी, ती धुतल्यावर निळीच्या पानांची पूड (कपड्यांची नीळ नव्हे हं, झाडाची). वेळ जातो, पण दोन्ही पानंच. काहीही लावा, ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघाच. खाजलं तर ते पाकीट सरळ कचऱ्यात.