सोनारकी, पण पाण्याखालची

२००६ साली मला नोकरी लागली तेव्हा आईने चाळीत पेढे वाटताना "सोनारची कंपनी आहे" असं सांगितलं. समोरच्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी मला जिन्यात गाठलं. "घडणावळ किती घेतात गं तुमच्याकडे?" आमचा सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ शोधणारं यंत्र, दागिने घडवणारा नव्हे. पण डोंबिवलीत हा गैरसमज पुढे चार-पाच वर्षं टिकला. मीही तो फारसा खोडला नाही, कारण आम्ही नेमकं काय करतो ते तेव्हा मलाच धड सांगता आलं नसतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, पगार साडेआठ हजार, माझगावला पोटमाळ्याचा एक गाळा आणि सहा माणसं. गाळ्यात बसून गाळाचा धंदा, असा आमच्यातला जुना विनोद आहे.

आता आम्ही सत्तरेक जण आहोत, महाप्याला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडं उणंदुणंही येणार आहे. नवी मुलं मुलाखतीला येतात आणि हमखास विचारतात, "मॅडम, कुठला कोर्स करू?" त्याकडे येते. पण कंपनी कशी वाढली ते आधी सांगते, कारण तुम्ही ज्या कंपनीत जाल ती यातल्या कुठल्यातरी पायरीवर असेल आणि तुमचं काम त्यावरून ठरेल.

आमचे मालक दोघे. एक नौदलातल्या सर्वेक्षणातून निवृत्त झालेले, दुसरे रेडिओ दुरुस्तीत हयात गेलेले. सुरुवात दुरुस्तीची. ससून डॉक आणि वर्सोव्याच्या बोटींवरचे मासे शोधायचे फिश फाइंडर यायचे, अधूनमधून एखाद्या ड्रेजिंग, म्हणजे तळाचा गाळ काढणाऱ्या, ठेकेदाराचं खोली मोजायचं यंत्र, म्हणजे इको साउंडर. दोन्हींचं तत्त्व एकच. आवाज खाली सोडायचा, तळावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त. दहा मीटर पाण्यात तो जाऊन-येऊन १३ मिलिसेकंदांत परत. यंत्र मोजतं ते एवढंच, वेळ. खोली हा आपण केलेला हिशोब असतो. हे वाक्य मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं गेलं होतं. समजायला दोन वर्षं आणि एक फजिती लागली.

दुरुस्तीत मी जे शिकले ते कुठल्याही वर्गात मिळालं नसतं. बंद पडलेल्या यंत्रात बहुतेक वेळा दोष केबल आणि कनेक्टरचा निघतो. खारं पाणी कुठूनतरी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. ट्रान्सड्यूसर म्हणजे आवाज सोडणारी आणि परतलेला ऐकणारी सिरॅमिकची चकती, वीज दिली की थरथरते आणि थरथरवली की वीज देते. ती सहसा बिघडत नाही. पण तिच्यावर पॉलियुरेथेन ओतताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर आवाज तिथेच अडतो. मी ओतलेले पहिले चार ट्रान्सड्यूसर असेच फुकट गेले. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून, स्टेनलेसचे नटबोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आणायचे आणि उन्हात भाऊच्या धक्क्यावर जाऊन बोटीवर बसवायचे.

मग ज्यांची यंत्रं दुरुस्तीला परदेशी जाऊन अडकत, त्यांना आम्ही आमचं यंत्र भाड्याने देऊ लागलो. ते म्हणाले, चालवायला माणूसही द्या. मग म्हणाले, नकाशा आणि अहवालही द्या. असे आम्ही दुरुस्तीवाल्यांचे सर्वेक्षणवाले झालो, कुणी ठरवलं नव्हतं. या व्यवसायातलं मोठं नाव असलेली नॉर्वेची सिमराडही १९४७ साली मच्छीमार बोटींसाठी रेडिओ बनवण्यापासून सुरू झाली, इको साउंडर नंतर आले, आणि १९९६ मध्ये ती काँग्सबर्गकडे गेली. मालकांना ही गोष्ट फार आवडायची. पगार उशिरा होणार असला की हमखास सांगायचे.

आता फजिती. २००८ चा मे महिना. एका ठेकेदाराने एका धक्क्यासमोर गाळ काढला होता आणि १५ मीटर खोली मिळाली की नाही ते आम्ही मोजायचं होतं. मोजणीआधी बार चेक करायचा असतो. साखळीला बांधलेली लोखंडी पट्टी ट्रान्सड्यूसरखाली पाच, दहा मीटरवर सोडायची आणि यंत्र तेवढंच दाखवतंय का ते पाहायचं. अर्ध्या तासाचं काम. ओहोटी लागली होती, सगळ्यांना घाई होती, आणि मी तो टाळला. यंत्रात आवाजाचा वेग कारखान्यातून आला तसाच, १५००. मेमधलं मुंबईचं पाणी कोमट आणि खारट, त्यात वेग १५४० च्या आसपास असतो. म्हणजे जिथे खरोखर १५ मीटर होते तिथे माझा आकडा १४.६. चाळीस सेंटिमीटर गाळ मी नुसत्या आळसाने तयार केला.

बोटीचे नाखवा करंजाचे होते, वय साठीच्या पुढे. त्यांनी शिसं बांधलेली दोरी टाकून बघितली आणि म्हणाले, "बाय, तुजी मशीन खोटं बोलते." मी हसले. ते वावांत मोजत होते, मी सेंटिमीटरमध्ये. अहवाल गेला आणि ठेकेदाराला पुन्हा ड्रेजर लावायला सांगण्यात आलं. तेव्हा तो आमच्या गाळ्यात येऊन जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. दहा मीटरवर यंत्र ९.७४ दाखवत होतं. धाकट्या मालकांनी आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला चूक कबूल करणारं पत्र मलाच लिहायला लावलं, तेही सहीसकट. त्या प्रामाणिकपणामुळे पुढचं काम मिळालं वगैरे काही झालं नाही. ते गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं.

तीन वर्षांनी परत आलं, गाळाच्याच भांडणामुळे. मुंबई बंदराचा तळ म्हणजे कोकणातल्यासारखी वाळू नव्हे. वर दाट पेजेसारखा रेंदा, खाली हळूहळू घट्ट होत जाणारा चिखल. २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे उंच पट्टीचा, आवाज रेंद्याच्या वरच्या थरावरूनच परततो. ३३ किलोहर्ट्झचा, खालच्या पट्टीचा, त्यातून आरपार जाऊन खालच्या घट्ट थरावरून येतो. एकाच जागी, एकाच वेळी दोन खोल्या, आणि दोन्ही बरोबर! गाळ काढणाऱ्याला अर्थातच खालची आवडते आणि पैसे देणाऱ्याला वरची. रॉटरडॅमसारख्या बंदरात यावर उपाय म्हणून घनता ठरवलेली आहे. घनमीटरला १२०० किलोपेक्षा हलका गाळ जहाजाच्या वाटेतला अडथळा धरत नाहीत. इथे दोन्ही बाजूंच्या सर्वेक्षकांनी आपापला आकडा छातीठोकपणे दिला होता. आम्ही दोन्ही आकडे दिले आणि नमुने काढून मधल्या थराची घनता मोजून जोडली.

आमचं पहिलं स्वतःचं यंत्र या भांडणातून निघालं. तेव्हा परवडणारी यंत्रं फक्त शेवटचा आकडा साठवायची. आम्हाला परतलेला अख्खा आवाज हवा होता, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवलं तर तो उघडून बघता यावा. तीन वर्षं गेली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत चाचणी घ्यायचो तर भिंतींचेच प्रतिध्वनी यायचे. शेवटी नवी मुंबईतल्या एका बंद दगडखाणीच्या तळ्यावर तराफा नेला. त्याच काळात एकदा दोन महिने पगार झाला नाही, कारण सर्वेक्षणाचे पैसे ठेकेदाराकडे अडकले होते. तिघे जण सोडून गेले. मीही अर्ज टाकले होते. हे मुद्दाम लिहितेय. यंत्र बनवणाऱ्या लहान कंपनीत शिरताना घरखर्चाची सहा महिन्यांची सोय असावी.

पुढची वाढ पटकन झाली आणि खरं सांगायचं तर तितकी रंजक नाही. बाहेरचा पैसा आला, एका वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणारं मल्टिबीम आलं, माणसाविना चालणारी छोटी बोट आली, सादरीकरणं करणारी मंडळी आली. माझगावात ज्या प्रश्नाला चहाच्या टपरीवर उत्तर मिळायचं, त्यासाठी आता संगणकावर तिकीट नोंदवावं लागतं.

तर कोर्स. डिप्लोमा किंवा पदवी इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, सिव्हिल, भूगोल, भूशास्त्र यातली कुठलीही चालते. यंत्र बनवायच्या बाजूला पहिली दोन, मोजणीच्या बाजूला बाकीची. सर्वेक्षकच व्हायचं असेल तर गोव्याच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हायड्रोग्राफीचे कॅटेगरी 'अ' आणि 'ब' अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहेत. ते जमलं नाही म्हणून अडून बसू नका. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेचा मल्टिबीमचा कच्चा डेटा फुकट मिळतो, तो साफ करायचं एमबी-सिस्टिम आणि नकाशे करायचं क्यूजीआयएस ही सॉफ्टवेअरही फुकट आहेत. घरी बसून एका तळाचा डेटा साफ करा आणि मुलाखतीला तो नकाशा घेऊन या. त्यात कुठले बिंदू काढून टाकले आणि का, हे मी विचारणार. "सॉफ्टवेअरने काढले" म्हणालात तर चहा पिऊन परत. एनएमईए ०१८३, म्हणजे बोटीवरची यंत्रं ज्या ठरावीक साच्यात आकडे पाठवतात, त्याची ओळ वाचता यावी, पायथनमध्ये ती फोडता यावी.

भरती-ओहोटी मात्र पाठच हवी. मुंबईत उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) त्याच्या निम्म्याच्या आसपास. मोजलेल्या खोलीतून त्या क्षणाची भरती वजा केली नाही तर आवाजाच्या वेगाची चूक किरकोळ वाटेल. अपोलो बंदरला १८७८ पासूनच्या भरतीच्या नोंदी आहेत, पण तुमच्या खाडीत पाणी त्याच वेळी चढेल असं नाही. तिथे पाण्याची उंची वाचायची स्वतःची पट्टी रोवावी लागते आणि कुणीतरी रात्रभर बसून वाचावी लागते. नवा माणूस म्हणजे बहुधा तुम्हीच. पावसाळ्यात ठाणे खाडीला गोडं पाणी उतरतं तेव्हा आवाजाचा वेग पुन्हा बदलतो, वरच्या थरात एक, खालच्या थरात दुसरा. म्हणून वेगमापक दिवसातून दोन-तीनदा तरी खाली सोडा. कोळीवाड्यातली मुलं यात आमच्यापेक्षा दहा पावलं पुढे असतात. त्यांना ते ठाऊक नसतं, आणि इंग्रजी मुलाखतीत दिसतही नाही. आमच्याकडे मुलाखत मराठीत मागता येते. त्यासाठी मी दोन वर्षं भांडले.

मुलींसाठी वेगळं. लहान बोटीवर शौचालय नसतं. मी सुरुवातीची वर्षं सकाळपासून पाणी न पिता काम केलं आणि मुतखडा झाला. असं करू नका. आडोसा आणि बादली कामाच्या यादीत लिहूनच मागा, बार चेकच्या पट्टीसारखी. आता आमच्या यादीत ती छापलेली असते.

पहिल्या दिवशी सॅकमध्ये टोपी, लिंबू-साखर-मीठ, जुने बूट, पेन्सिल आणि वही. पेनाची शाई ओली झाली की तारीख आणि वेळ आधी जाते. बोट भरतीप्रमाणे सुटते, तुमच्या लोकलप्रमाणे नाही, तेव्हा सीएसएमटीहून टॅक्सीचे पैसे वेगळे ठेवा. आणि मोबाइलला दोरी बांधा. माझे दोन भाऊच्या धक्क्याच्या गाळात आहेत, ३३ ला दिसतात की २०० ला ते अजून तपासायचंय.