टाकीतले मासे अचानक का मेले? कारण शोधायची पद्धत

सकाळी टाकीचा लाइट लावला आणि चार-पाच मासे उलटे तरंगताना दिसले, की बहुतेकांचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. रोगाने एका रात्रीत सगळी टाकी रिकामी होणं क्वचितच घडतं. एका रात्रीत मारतं ते पाणी. शिवाय मिथिलीन ब्लू (माशांचं नेहमीचं निळं औषध) ओतलं की फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाणी निळं झाल्याने पाणी तपासायच्या किटचा रंग वाचता येत नाही. कारण सापडायचा रस्ताच बंद होतो.

पहिली दहा मिनिटं

थर्मामीटर वाचून आकडा लिहून ठेवा. हीटरचा थर्मोस्टॅट अडकून पाणी ३६ अंशांवर गेलेलं असेल, तर शोध इथेच संपतो. मग हीटर आणि पंपाचे प्लग काढूनच पाण्यात हात घाला. मेलेले मासे काढा आणि उरलेले मोजा. एखादा फिल्टरमागे किंवा दगडाखाली कुजत पडलेला असू शकतो. स्वच्छ बाटलीत टाकीचं अर्धा लिटर पाणी काठोकाठ भरून झाकण लावून ठेवा. हा नमुना पाणी बदलण्याआधीच घ्यायचा, नंतर घेतलेला काही सांगत नाही. आता एअर पंप पूर्ण जोरात सुरू करा. खाणं दोन दिवस बंद.

जिवंत मासे वर येऊन धापा टाकत असतील तर एक सोपी चाचणी आहे. मगाने टाकीतलंच पाणी घेऊन फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडा, असं दहा मिनिटं करा. मासे खाली जाऊन नीट पोहू लागले, तर पाण्यात ऑक्सिजन कमी होता. तरीही धापा थांबल्या नाहीत, तर बिघाड कल्ल्यांत किंवा रक्तात आहे, म्हणजे क्लोरीन, अमोनिया (माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून येणारं विष) किंवा नायट्राइट (जिवाणू अमोनिया पचवताना मधे तयार होणारं विष).

मेलेला मासा काय सांगतो

नुकताच मेलेला मासा घ्या. काही तासांनी कल्ल्यांचा रंग उतरतो आणि मग तो फसवतो. कल्ल्यावरचं झाकण नखाने उचलून उजेडात पाहा. तपकिरी, चॉकलेटसारखे कल्ले नायट्राइटकडे बोट दाखवतात, कारण नायट्राइटने रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. फिकट आणि चिकट स्रावाने माखलेले कल्ले क्लोरीनने भाजलेले असू शकतात. सुजलेले, लालजांभळे असतील तर अमोनियाचा संशय घ्या. तोंड उघडं आणि कल्ले फाकलेले असणं हे गुदमरल्याचं लक्षण.

कोण मेलं आणि कोण वाचलं, हेही पाहायचं. ऑक्सिजन कमी पडला की सहसा मोठे मासे आधी जातात. फायटर आणि गोरामी वरची हवा घेऊन श्वास घेऊ शकतात, म्हणून गोल्डफिश मेले आणि गोरामी ठणठणीत असेल, तर हवेचाच प्रश्न होता असं जवळपास धरून चाला. पहाटे मृत्यू झाले असतील तर हा संशय आणखी पक्का होतो, कारण दाट वनस्पतींच्या टाकीत रात्रभर झाडंही ऑक्सिजन वापरतात. उन्हाळ्यात भर पडते ती वेगळीच: २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३. झिंगे आणि गोगलगायी आधी मेल्या असतील, तर तांबं असलेलं औषध किंवा कीटकनाशक शोधा.

गेल्या तीन दिवसांत काय बदललं

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, कामाला येणाऱ्या मावशींनाही. फरशी पुसायची बादली टाकीसाठी वापरली गेली का? गावाला गेल्यावर शेजाऱ्यांनी प्रेमाने मूठभर खाणं टाकलं का? रात्री वीज गेली होती का? पेस्ट कंट्रोल झालं का, खिडकीबाहेर धूरफवारणी झाली का? डासांच्या वड्या, लिक्विड आणि स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना फार विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. फवारणीच्या वेळी पंप बंद करून टाकी झाकायची. खोली हवेशीर झाल्यावरच पंप सुरू करायचा.

पाणी बदलल्यावर तासाभरात मासे सैरावैरा पळाले आणि मेले, तर पहिला संशय क्लोरीनवर. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं लागतं. माशांच्या कल्ल्यांना त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही त्रास होऊ शकतो. पावसाळ्यात क्लोरीनचं प्रमाण वाढवलं जातं, आणि सोसायटीची टाकी टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने धुतली असेल तर त्या दिवशीचं पाणी घेऊच नका. क्लोरीन काढणारे थायोसल्फेटचे खडे असतील तर १ पीपीएमपर्यंतच्या (लिटरमागे १ मिलिग्रॅम) क्लोरीनला १०० लिटरमागे १ ग्रॅम पुरतो. पाणी आधी बादलीत तयार करायचं, मगच टाकीत. थेट टाकीत पाइप सोडून मागून क्लोरीन काढायच्या औषधाचे थेंब टाकण्याची सवय अनेक मासे मारते.

टाकी 'स्वच्छ' केल्यावर एक-दोन दिवसांत एकेक करून मासे जात असतील, तर फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला गेला असणार. स्पंजमधला तो तपकिरी चिकट थर म्हणजे घाण नव्हे. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात, नळाच्या क्लोरीनने ते मरतात आणि अमोनिया चढू लागतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, आणि खडी त्याच दिवशी धुवायची नाही. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि वीज तीन-चार तास गेली असेल, तर आतले जिवाणू गुदमरतात आणि पाणी नासतं. तो उघडून, आतलं पाणी फेकूनच पुन्हा सुरू करा.

"दोन वर्षं काही झालं नाही, धुतली आणि सगळे गेले"

ही तक्रार जुन्या टाक्यांबाबत इतक्यांदा ऐकू येते की तिच्यामागचं गणित नीट समजून घ्यायला हवं. जिवाणू अमोनिया पचवतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातलं कार्बोनेट संपवत जातं. महिनोन्महिने पाणी न बदलता फक्त उडालेलं पाणी भरत राहिलं, की पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, ७ च्या खाली पाणी आम्लधर्मी) हळूहळू ६ च्या आसपास किंवा खाली उतरतो. तिथे जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साठू लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो. त्याचा विषारीपणा फार कमी, म्हणून मासे तगून राहतात.

मग एका रविवारी अर्धं पाणी काढून पीएच ८ चं बोअरचं पाणी भरलं जातं. २८ अंशांना एकूण अमोनियापैकी विषारी वाटा पीएच ६ ला सुमारे ०.०७ टक्के असतो, पीएच ७ ला ०.७ टक्के, ८ ला ६.५ टक्के आणि ८.५ ला १८ टक्के. टाकीचा पीएच ८ वर पोचला, तर पाणी बदलल्याने एकूण अमोनिया निम्मा होऊनही विष चाळीस पटींहून अधिक वाढतं. दोष धुण्याचा नसतो, आधीच्या महिन्यांचा असतो.

म्हणून पाणी बदलण्याआधी तीन गोष्टी तपासा: पीएच, अमोनिया, नायट्राइट. कागदी पट्टीपेक्षा थेंबांचं किट घ्या. चालू टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. किट एकूण अमोनिया दाखवतं, त्याला वरच्या टक्केवारीने गुणा. उत्तर ०.०२ पीपीएमच्या वर गेलं तर कल्ल्यांना इजा सुरू झाली असं समजा. भरायचं पाणीही तपासा. बोअरचं पाणी काढल्या काढल्या पीएच कमी दाखवतं, कारण जमिनीखालचा कार्बन डायऑक्साइड अजून त्यात असतो. बादलीत रात्रभर हवा सोडून मग मोजा.

कारण कळल्यावर

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी असतं. प्रमाणं याच आकड्यावर काढा, टाकीच्या बाहेरच्या मापावर नाही.

अमोनिया चढलेला आणि पीएच ७ च्या वर असेल, तर क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं आणि टाकीएवढ्याच किंवा थोड्या कमी पीएचचं पाणी घेऊन एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला. दुसऱ्या दिवशी तपासून पुन्हा. पीएच ६ च्या आसपास आणि अमोनिया भरपूर असेल, तर मात्र घाई करू नका. रोज १० टक्केच बदला, दहा-बारा दिवस.

नायट्राइट असेल तर पाणी बदलण्याबरोबर १० लिटरमागे १ ग्रॅम खडे मीठ मगात विरघळवून टाका. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाऊ देत नाही. कीटकनाशकाचा संशय असेल तर निम्मं पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा घाला.

किटचे सगळे आकडे चांगले आले, तरच रोगाकडे वळा. पाठीवर खोगीरासारखा पांढुरका डाग कॉलमनॅरिसचा असू शकतो. हा जिवाणूजन्य रोग गरम पाण्यात एक-दोन दिवसांत मारतो. पंखांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील तर व्हाइट स्पॉट. दोन्ही बहुधा नव्या माशाबरोबर येतात, म्हणून नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा.

रिकामी झालेली टाकी लगेच भरू नका. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य दिसले की दोन-तीन मासे आणा, आणि पुढचे त्यानंतर दोन आठवड्यांनी.