हॅमर मारायचा नाही, पडू द्यायचा

गुडघ्याचा रिफ्लेक्स, म्हणजे हॅमरचा (रबरी डोक्याच्या छोट्या हातोड्याचा) ठोका लागला की पाय आपोआप उडणं, तपासायचा तर आधी उंच टेबल शोधा. डायनिंग टेबल चालतं, आईची हरकत नसेल तर. ज्याचा गुडघा तपासायचा त्याला पार मागे सरकवून बसवा. मांडी पूर्ण टेकलेली, पाय लोंबते, पावलं जमिनीपासून सुटलेली हवीत. आणि गुडघे उघडे. जीन्सवरून रिफ्लेक्स बघणाऱ्या विद्यार्थ्यांना मी क्लिनिकमधून परत पाठवते.

आता गुडघ्याच्या वाटीच्या खाली बोट ठेवा आणि पाय थोडा ताठ करायला सांगा. बोटाखाली जाड, टणक पट्टा लागतो, तो टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पाय सैल सोडला की दोन्ही बाजूंना मऊ खळगे आणि मधे हा पट्टा. जागा हीच. वाटीवर हॅमर बसला तर पेशंट ओरडतो आणि एक्झामिनर हसतो.

तुमचा दुसरा हात मांडीवर, वाटीच्या चार बोटं वर. हे कोणी करत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. पाय वजनदार असला तर उडत नाही, पण मांडीचा स्नायू हाताखाली आखडलेला कळतो. म्हणजे रिफ्लेक्स आहे, डोळ्यांना दिसत नाही एवढंच.

हॅमर दांड्याच्या टोकाशी, अंगठा आणि तर्जनीत सैल धरा. हालचाल मनगटातून. डोकं घड्याळाच्या लोलकासारखं आपल्या वजनाने यावं, टेंडनला लागून लगेच सुटावं. टेंडन क्षणभर चटकन ताणला गेला पाहिजे. जोर नको, वेग हवा.

हा ताण स्नायूतल्या स्पिंडलना, म्हणजे ताण ओळखणाऱ्या बारीक संवेदकांना, कळतो. तिथून निघालेला संवेदी तंतू कमरेच्या चेतांमधून (नसांमधून), मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे एल थ्री आणि एल फोरमधून, मागच्या मुळाने मेरुरज्जूत (पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत) शिरतो आणि स्नायूला हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशीला थेट गाठतो. मधे एकच सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा. पुढच्या मुळाने आज्ञा त्याच स्नायूला परत येते. मेंदूला बातमी नंतर लागते. मात्र हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीमागच्या उलट ओढणाऱ्या स्नायूंना, गप्प बसवणारी वाट मधल्या आणखी एका चेतापेशीतून जाते. व्हायवात (तोंडी परीक्षेत) ‘सगळं एकाच सिनॅप्सवर’ असं ठोकून दिलंत की पुढचा प्रश्न हाच येतो. दुसरा हमखास प्रश्न : मेरुचेतांच्या 31 जोड्या, मानेचे मणके 7, मग मानेच्या चेता 8 कशा? पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, आठवी सातव्या मणक्याच्या खालून, आणि तिथून पुढे सगळ्या खालूनच.

निरोगी माणसाचा गुडघा हलला नाही, तर बहुतेक वेळा तो पायाकडे डोळे लावून बसलेला असतो. ‘रिलॅक्स, रिलॅक्स’ म्हणू नका, काका आणखी ताठतात. आमचे एक शेजारी तर हॅमर लागायच्या आधीच पाय उडवून मला मदत करतात. त्यांना मी विचारते, “वनाजहून स्टेशनला जायचं तर मेट्रो बरी की रिक्षा?” पुणेकर मत द्यायला लागला की मांडी आपोआप सैल पडते. गाडी रिक्षाच्या मीटरवर आली की हॅमर सोडा.

तरीही नाही आला, तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा आणि नेमकं त्याच वेळी ठोका द्या. हंगेरीच्या येंड्रासिकची ही 1885ची युक्ती आजही चालते.

घोट्यासाठी खुर्चीवर गुडघे टेकवून उभं करा, पावलं कडेबाहेर. टाचेच्या जरा वर ठोका द्या, पाऊल तळव्याच्या बाजूला झुकतं. ही चेता एस वन, कमरेच्या चेतांखालची पहिली. म्हाताऱ्या माणसांत हा रिफ्लेक्स दोन्हीकडे नसणं खूपदा दिसतं, त्यावरून घाबरवू नका. जुन्या मधुमेहातही आधी घोट्याचाच जातो. म्हणून कायम दोन्ही बाजू लागोपाठ बघायच्या आणि दोन्हीकडच्या रिफ्लेक्सच्या जोराचे आकडे लिहायचे, 0 ते 4 (0 म्हणजे अजिबात नाही), नेहमीचा 2. एकाच बाजूचा गेलाय आणि पाय बधिर किंवा लुळा आहे, तर डॉक्टरकडे पाठवा. बसायच्या जागी बधिरपणा आणि लघवी अडकलेली असेल तर त्याच रात्री कॅज्युअल्टी.

स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे नाडी, बीपी अशी कामं आपोआप सांभाळणारी यंत्रणा, तपासायला हॅमर लागत नाही. मनगटावर नाडी धरा, पेशंटला पाच सेकंद श्वास आत आणि पाच सेकंद बाहेर असं करायला सांगा. आत घेताना नाडी जरा पळते, सोडताना रेंगाळते. हे व्हेगस या चेतेचं, म्हणजे या यंत्रणेच्या हृदय शांत करणाऱ्या परानुकंपी बाजूचं काम. तरुण माणसात फरक बोटाला स्पष्ट लागतो, वयाबरोबर तो कमी होतो.

उलट बाजू अनुकंपी, ती उभं राहिल्यावर बीपी सावरते. तिच्यासाठी आजोबांना पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20ने किंवा खालचा 10ने उतरला तर पायांकडे साचणारं रक्त शरीर वेळेत सावरत नाहीये. कारण चेतांचं असेल, गोळ्यांचं असेल किंवा नुसतं पाणी कमी प्यायल्याचं. शेजारी खुर्ची ठेवा, गरगरलं की लगेच बसवा. जेवणानंतर लगेच करू नका, तेव्हा रक्त आतड्याकडे वळलेलं असतं आणि म्हाताऱ्यांचं बीपी एरवीपेक्षा जास्त उतरतं. आपल्याकडे दुपारी एक ते चार कोणी उभंच राहत नाही, त्यामुळे ही अडचण सहसा येत नाही. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर कुठली, किती वाजता घेतली ते आकड्यांशेजारी लिहा आणि कागद डॉक्टरांना दाखवा. गोळी आपण बंद करायची नाही.