गॅरेजच्या भिंतीतला वाकडा पाइप: चँडलर-गिल्बर्टमध्ये नवं घर घेणाऱ्यांसाठी

पहिल्या आठवड्यात तूरडाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजली नाही, तर दोष कुकरला देऊ नका आणि डाळीलाही नको. इथलं पाणी जड आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फीनिक्स परिसराला (चँडलर आणि गिल्बर्ट त्यातच येतात) कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैल लांबीच्या सेंट्रल ॲरिझोना कालव्यातून मिळतं, त्यात सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचं आणि काही विहिरींचं पाणीही असतं. वाटेतल्या दगडमातीतले कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यात विरघळून येतात. माझ्या घरी तपासणीच्या पट्टीवर १५ ग्रेन दिसतात. ग्रेन हे पाण्याच्या जडपणाचं माप: गॅलनमागे एक ग्रेन म्हणजे लिटरमागे १७.१ मिलिग्रॅम. साबणाला फेस येत नाही, शॉवरची भोकं बुजतात, गरम पाण्याच्या टाकीच्या तळाशी पांढरा थर बसतो.

म्हणून सगळे सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, घ्यायला धावतात. माझं सांगणं एवढंच आहे, की दुकानात जाण्याआधी गॅरेजमध्ये जा. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत बिल्डरने गॅरेजच्या भिंतीतून पाण्याची मुख्य लाइन बाहेर काढून, उलट्या यूसारखी वळवून परत आत नेलेली असते. तिला 'लूप' म्हणतात. लूप असेल तर काम एका दिवसाचं आहे. नसेल तर भिंत फोडावी लागते, आणि ते काम परवानाधारक प्लंबरकडेच द्यावं. लूपच्या शेजारी सांडपाण्याचा उभा पाइप आणि विजेचा सॉकेट आहे का, तेही बघून घ्या. पाइप तांब्याचा आहे की पेक्सचा (लवचीक प्लास्टिकचा), पाऊण इंची की एक इंची, याचा फोटो काढून ठेवा.

यंत्राच्या मापाचा हिशोब सोपा आहे. माणशी ७५ गॅलन धरले तर चार माणसांचे ३०० गॅलन. गुणिले १५ ग्रेन म्हणजे दिवसाला ४,५००. बत्तीस हजार ग्रेनचं यंत्र जेमतेम आठवडाभर पुरतं, मग ते मिठाच्या पाण्याने स्वतःला धुऊन घेतं. अठ्ठेचाळीस हजारांचं घेतलं तर दर खेपेला पूर्ण क्षमतेपर्यंत मीठ ओतावं लागत नाही.

आता जोडणी. रस्त्याकडच्या भिंतीवरचा मुख्य कॉक बंद करा, घरातला सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या, गरम पाण्याच्या टाकीची आच कमी करून ठेवा. लूप कापल्यावर दोन तोंडं दिसतात. त्यांपैकी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे अंदाजाने ठरवू नका. दोन्ही तोंडांना कॉक बसवा, खाली बादली ठेवा आणि मुख्य कॉक कुणाला तरी किंचित उघडायला सांगा. ज्या तोंडातून पाणी जोराने येईल ते आवक. मग यंत्राच्या वॉल्व्हवरचे बाण बघा. काही कंपन्यांची आवक उजवीकडे असते, काहींची डावीकडे. माझ्या पहिल्या घरी हे उलटं जोडलं गेलं होतं. पाणी जडच राहिलं आणि चार दिवसांनी नळांच्या जाळीत तपकिरी बारीक मणी अडकू लागले. ते सॉफ्टनरच्या टाकीतलं रेझिन होतं, म्हणजे पाणी मऊ करणारे मणी. सगळ्या नळांच्या जाळ्या काढून धुताना शनिवार-रविवार गेला.

पाइप झाळणार असाल तर डाग देऊन तो थंड झाल्यावरच वॉल्व्ह लावा, कारण वॉल्व्ह प्लास्टिकचा असतो. झाळकामाचा सराव नसेल तर दाबून बसणारे जोड आणि लवचीक स्टीलची नळी वापरा. प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, हाताने घट्ट करा आणि पान्याने थोडंसंच फिरवा. जास्त आवळलं की आटी तडकते. तांब्याची लाइन कापली असेल तर आणखी एक गोष्ट: काही घरांच्या विजेचं अर्थिंग त्याच पाइपातून जातं. मध्ये प्लास्टिक आल्यावर ते तुटतं, म्हणून दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून जाड तांब्याच्या तारेने जोडून घ्या. हे विसरू नका.

सगळ्यात जास्त चुका सांडपाण्याच्या नळीत होतात. सॉफ्टनर रात्री मिठाच्या पाण्याने रेझिन धुतो आणि ते खारं पाणी बाहेर टाकतो. त्याची नळी उभ्या पाइपात खोल खुपसून ठेवणं सोयीचं वाटतं, पण तसं कधीही करू नका. गटार तुंबलं आणि लाइनमधला दाब घसरला तर गटाराचं पाणी उलट खेचलं जाऊन तुमच्या पिण्याच्या लाइनपर्यंत पोचू शकतं. नळीचं तोंड आणि पाइपाचं तोंड यांत किमान दीड इंच मोकळी हवा ठेवा, आणि नळी भिंतीला पक्की बांधा. मिठाच्या टाकीला ओव्हरफ्लोची वेगळी नळी असते. ती उतारानेच जाते, म्हणून ती या नळीला जोडू नका. खारं पाणी अंगणातही सोडू नका.

तुळस आणि कढीपत्ता इथल्या उन्हात मोठ्या कष्टाने जगवलेले असतात. त्यांना मऊ केलेलं पाणी घालू नका. त्यातलं सोडियम मातीत साठतं. बिल्डरने लूप नीट जोडलेला असेल तर बाहेरचे नळ जडच राहतात. लूप नसलेल्या घरात नवी जोडणी करून घेताना प्लंबरला हे आधी सांगा. घरात रक्तदाबाचे रुग्ण किंवा आई-बाबा आलेले असतील तर पिण्यासाठी आरओ ठेवा. १५ ग्रेनच्या पाण्यात सॉफ्टनरमुळे लिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम सोडियम वाढतं.

सुरू करताना आधी बायपासवर (पाणी यंत्रात न जाता बाहेरून जाईल असं) ठेवून टबचा नळ उघडा, म्हणजे कापताना पडलेला कचरा निघून जाईल. मग आवक पाव भागच उघडा आणि टाकी हळूहळू भरू द्या. एकदम उघडलं तर रेझिन उसळतं. बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहाने रेझिन धुणं, एकदा हाताने चालवा. जोडांखाली रात्रभर कोरडा कागद ठेवा, सकाळी ओला दिसला तर गळती आहे. शहराचा परमिट लागतो का, हे जोडणीआधी विचारा. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची लेखी परवानगी घ्या.

आठवड्याने पट्टी पुन्हा लावा: बाथरूमच्या नळाला शून्य किंवा एक ग्रेन, मागच्या अंगणातल्या नळाला पूर्वीइतकेच. स्वयंपाकघरातला थंड नळही तपासा. काही घरांत बिल्डरने तो मुद्दाम जडच ठेवलेला असतो. तसं असेल तर डाळीला आरओचं पाणी घ्या, नेहमीच्या शिट्ट्यांत शिजेल.