क्रीट बेटाचा भूभाग कसा वाचावा

क्रीटचा नकाशा उघडल्यावर अंतरे मोजण्याआधी उंची पाहावी. ग्रीसचे हे सर्वांत मोठे बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब असले, तरी त्याची रुंदी ६० किलोमीटरच्या आसपासच थांबते आणि पूर्वेकडील येरापेत्रा शहराजवळ ती जेमतेम १२ किलोमीटर उरते. एवढ्या चिंचोळ्या भूमीवर पश्चिमेस लेफ्का ओरी, मध्यभागी प्सिलोरिटिस आणि पूर्वेकडे दिक्ती असे तीन पर्वतसमूह उभे असून पहिल्या दोहोंची सर्वोच्च शिखरे २,४५० मीटरपेक्षा उंच आहेत. त्यामुळे दिवसाचा बेत किलोमीटरवर न आखता समोच्च रेषांवर (नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवर) आखावा.

त्यानंतर खडकाकडे वळावे. या पर्वतांचा मोठा भाग चुनखडकाचा आहे. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्याच्या भेगांतून खाली उतरते आणि उन्हाळ्यात माथे कोरडे पडतात. ओमालोस आणि लसिथी ही पठारे म्हणजे डोंगरांनी वेढलेल्या बंदिस्त खोलगट जागा असून तेथील पाणी नदीने बाहेर न पडता जमिनीतील विवरांतून नाहीसे होते. चुनखडकात मुरलेले पाणी पुन्हा कसे बाहेर येते, हे पाहण्यासाठी दक्षिण किनाऱ्यावरील ग्लिका नेरा येथे जावे. तेथे समुद्रालगतच्या गोट्यांमधून गोड्या पाण्याचे झरे वाहतात. वाटसरूने यातून घ्यायचा बोध सरळ आहे: उंचावर पाणी मिळेल असे गृहीत धरू नये, आणि घळीचे पात्र कोरडे दिसले तरी पावसाळी हवेत त्यात उतरू नये.

हा सारा भूगोल एकाच दिवसात पायाखाली घालायचा असेल, तर माझ्या मते लेफ्का ओरीतील समारियाच्या घळीला पर्याय नाही. सुमारे १,२०० मीटर उंचीवरील क्सिलोस्कालो येथून सकाळी लवकर उतरायला लागावे आणि सुमारे १६ किलोमीटर चालून बेटाच्या दक्षिणेकडील लिबियन समुद्राकाठच्या आगिया रूमेलीला पोहोचावे. उतार सोपा वाटतो, परंतु सैल दगडांवर गुडघ्यांची परीक्षा होते, म्हणून जाड तळव्याचे बूट आवश्यक आहेत. पाइन आणि सायप्रसची झाडे मागे पडून पाण्याकाठी कण्हेर दिसू लागते, तेव्हा आपण किती खाली आलो याचा अंदाज येतो. सर्वांत अरुंद ठिकाणी घळ अवघ्या काही मीटर रुंदीची असून दोन्ही बाजूंचे कडे सुमारे ३०० मीटर उंच आहेत. घळ साधारणतः मे ते ऑक्टोबर खुली असते, मात्र मुसळधार पावसात ती बंद ठेवली जाते. आगिया रूमेलीला मोटाररस्ता नाही. तेथून सूयिया किंवा होरा स्फाकिओनला बोटीनेच जावे लागते, तेव्हा शेवटच्या बोटीची वेळ आधीच विचारून घ्यावी.

बोटीतून कड्यांच्या पायथ्याकडे निरखून पाहावे. लाटांच्या बऱ्याच वर, खडकावर कोरल्यासारखी एक आडवी खाच दिसते. ती जुन्या समुद्रपातळीची खूण आहे. आफ्रिकेचे भूपट्ट (भूकवचाचा विशाल तुकडा) एजियन समुद्राच्या भूपट्टाखाली सरकत असल्याने हा प्रदेश भूकंपप्रवण आहे आणि इ. स. ३६५ च्या भूकंपाशी निगडित हालचालीत पश्चिम क्रीट एकदम वर उचलले गेले, असे सामान्यतः मानले जाते. नैऋत्य टोकाशी ही उचल सुमारे ९ मीटर आहे आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. पश्चिम किनाऱ्यावरील फलासार्ना येथे तर प्राचीन बंदरच कोरडे पडले असून त्याच्या भिंतींजवळ आज पायी फिरता येते.